ओढ्याच्या डॉक्टरबाई

ओढ्यातला तो बुंधा मी काढला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना हात अडखळत राहील. एका शनिवारी सकाळी भाड्याच्या व्हॅनला पट्टा बांधून मी तो ओढून काढला, आणि काढताना मला स्वतःचा चांगलाच अभिमान वाटत होता. त्यानंतर जे झालं त्यात एका दुसऱ्याच माणसाचं नाव खराब झालं, आणि मी गप्प बसलो. दोन हिवाळे गप्प बसलो.

पण मला लिहायचं आहे ते ज्यांच्या ओढ्यातून तो बुंधा काढला त्या डॉक्टरबाईंबद्दल. ओढा त्यांच्या मालकीचा नव्हता. तो सरकारचा होता, हे त्यांनाही माहीत होतं. फक्त सरकारला ओढ्यातलं काही कळत नाही, असं त्यांचं मत होतं.

बाई दातांच्या डॉक्टर. वाल्डॉर्फहून गाडीने अर्ध्या तासावर, जिथे टेकड्या सुरू होतात, तिथे आमचं गाव आहे. माझी नोकरी वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरची, घर मिळालं ते या गावात. इथे बाईंनी उभी हयात लोकांचे दात काढले, भरले, बसवले, आणि निवृत्त झाल्यावर ओढा हाती घेतला. गावात ट्राउट माशांचा एक क्लब आहे. नावाला मासेमारीचा, पण वर्षातले बहुतेक दिवस माशांची चाकरी करण्यातच जातात. वसंतात ओढा साफ करायचा. उन्हाळ्यात पाणी आटलं की डबक्यांत अडकलेले मासे बादल्यांतून खालच्या डोहात नेऊन सोडायचे. पानगळीच्या तोंडावर तळाशी गोल, धुतलेली खडी पसरायची, म्हणजे मासे तिच्यात अंडी घालतील. आणि हिवाळ्यात ती अंडी घातली जात असताना काठावर चिडीचूप राहायचं. मधल्या काही महिन्यांत गळ टाकायला परवानगी असते, ती उपकार केल्यासारखी दिली जाते. बाई या क्लबच्या गेवेसरवार्ट होत्या, म्हणजे पाण्याच्या राखणदार.

माझी त्यांची भेट खुर्चीतच झाली. गावातला नवा दंतवैद्य सुट्टीवर होता आणि त्याच्या जागी त्या आठवडाभर बसल्या होत्या. मी तोंड उघडलं. त्यांनी आरसा आत घातला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही झोपेत दात चावता. पार झिजवून टाकलेत. काय करून बसला आहात?"

तोंडात आरसा असताना माणूस काय उत्तर देणार? आणि खरं तर तेव्हा मी काहीच केलेलं नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे. ऑफिसात कुणाची चूक झाली तरी कान माझे तापतात. आई गेली तेव्हा मी इथे होतो. बाबा आता अकोल्यात एकटे आहेत. मुलगी मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देते, तोही मला माझाच गुन्हा वाटतो.

"याच्यावर दोन उपाय आहेत," बाई म्हणाल्या. "एक, रात्री दातांवर प्लॅस्टिकची खोळ घालून झोपायचं. दुसरा, शनिवारी सकाळी सातला रबरी बूट घालून पुलापाशी यायचं."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती मालवणची. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला पापलेट आणि सरंगा वेगळा सांगता येत नाही, आणि तुम्ही माशांच्या क्लबात जाणार?"

गेलो.

पुलापाशी बाई दिवंगत नवऱ्याचा छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालून उभ्या होत्या. नवरा दांडगा असावा, कारण त्यात अजून एक बाई सहज मावली असती. कमरेला दोरीने करकचून आवळलेला. हातात हेझलची लांब काठी, आणि काठीच्या टोकाला तारेने बांधलेला त्यांचा दवाखान्यातला छोटा गोल आरसा. ती काठी पाण्यात घालून त्या काठाखालच्या कपारी, मुळांमागचे अंधारे कोपरे तपासत असत. आत मासा दिसला की हळू आवाजात म्हणत, "घाबरू नका. दुखणार नाही." हे वाक्य त्यांनी आयुष्यभर माणसांना खोटं सांगितलं होतं. माशांच्या बाबतीत ते खरं होतं, म्हणून त्यांना ते म्हणायला फार आवडे.

त्यांना नावं लक्षात राहत नसत, दात राहत. "तो वरचा डावा सुळा आज आला नाही वाटतं?" असं त्या विचारत आणि सगळ्यांना कळे की पोस्टमनबद्दल चाललंय. क्लबचे अध्यक्ष गावातले बेकरीवाले. त्यांच्याशी बाईंचा जुना धंद्याचा स्नेह होता. "यांनी केक विकले म्हणून माझं घर उभं राहिलं," असं त्या सगळ्यांसमोर सांगत आणि क्लबच्या प्रत्येक कामाच्या दिवशी स्वतः अतिशय गोड केक करून आणत. थर्मासमधला चहा मात्र कुणाला देत नसत. इकडे मासेवाले एकमेकांना 'पेट्री हाइल' म्हणून शुभेच्छा देतात. बाईंना कुणी तसं म्हटलं की त्या उत्तर देत, "गुळणी करा."

ओढ्यावर एक राखाडी बगळा यायचा. क्लबातल्या बाकीच्यांना तो डोळ्यांसमोर नको असे, कारण तो लहान मासे उचलतो. बाई त्याला पाहिलं की टोपी काढत. "जुना सभासद आहे," म्हणत. "फक्त सभेला येत नाही. तेवढा तरी शहाणा आहे."

त्या स्वतः वर्षातून एकच मासा धरत. हंगाम उघडण्याच्या दिवशी सकाळी गळ टाकायचा, एक ट्राउट आला की तो तिथेच मारायचा, घरी नेऊन लोण्यात तळून खायचा आणि गळ पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर. मी परीक्षा देऊन परवाना मिळवला. हो, इथे गळ टाकायलाही परीक्षा असते. पुढे माझ्या पहिल्या माशाच्या वेळी त्या शेजारी उभ्या होत्या. हातभर लांबीचा, अंगावर तांबडे ठिपके, त्यांच्याभोवती फिकट कडी. माझ्या हातात तो धडपडत होता आणि मला घाम फुटला होता.

"सोडून देऊ का?" मी विचारलं.

"का?"

"दया आली."

"दया गळ टाकण्याआधी येते," त्या म्हणाल्या. "मापाचा मासा धरला की तो मारायचा आणि खायचा. उगाच गंमत म्हणून तोंडात आकडा टोचायचा आणि मग 'जा बाळा' म्हणायचं? माझ्या दवाखान्यात असं चाललं असतं का?"

मी डोळे मिटून मारला. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "आता चूळ भरा."

हे झालं बुंध्याच्या नंतर. बुंध्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांनी मला जे दाखवलं ते सांगायला हवं, कारण माझी चूक तिथून उगवली.

थंडी कडक होती. बाईंनी मला पुलावर पालथं झोपायला लावलं. "बोलायचं नाही. शिंकायचं असेल तर घरी जाऊन शिंका." खाली उथळ पाण्यात खडीचा पट्टा होता. एक मादी तिथे आली, आडवी झाली आणि शेपटीने तळ झोडपू लागली. गाळ उडाला, वाहून गेला. पुन्हा आडवी, पुन्हा तडाखे. थोड्या वेळाने तिच्याखाली खडीचा एक तुकडा असा लख्ख झाला की काळ्या तळावर कुणी पांढरं ताट ठेवावं. मग नर शेजारी आला, दोघांनी तोंडं उघडली, थरथरले, आणि झालं. शेजारी बाई टोपी काढून उघड्या डोक्याने पडून होत्या. थंडीने त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं, त्यांनी पुसलंही नाही.

मी मनाशी खूणगाठ बांधली, माशाला स्वच्छता आवडते.

वसंतात ओढा साफ करायचा दिवस आला आणि त्याच दिवशी ऑफिसचं मोठं काम आलं. मी गेलो नाही. क्लबचा नियम आहे की प्रत्येकाने वर्षातले काही तास राबायचंच. बाकीचे लोक नाही जमलं तर नंतर कुंपण रंगवतात, काही बिघडत नाही. मला मात्र आठवडाभर चैन पडेना. डोळ्यांपुढे ती मादी यायची. बिचारी शेपटीने झाडते आहे, आणि मी लॅपटॉपसमोर.

पुढच्या शनिवारी हायडेलबर्गच्या एका मित्राचा उमझुग होता, म्हणजे घर बदलायचं होतं. त्यासाठी मी व्हॅन भाड्याने घेतली होती आणि सामान उचलायला पीएचडी करणारी दोन मराठी मुलं बरोबर होती. आम्ही लवकर निघालो होतो. म्हटलं, वाटेत ओढ्यावर तासभर काम करू.

पुलाच्या वरच्या वळणावर डोह होता आणि त्यात उन्मळलेल्या झाडाचा मुळांसकट एक बुंधा आडवा पडलेला. मुळांत कुजकी पानं, फांद्या, एक प्लॅस्टिकची पिशवी, कसला तरी फेस. मागच्या शनिवारी लोकांनी एवढा मोठा कचरा तसाच कसा सोडला, याचं मला आश्चर्य वाटलं. जड म्हणून सोडला असेल. मला वाटलं, राहिलेल्या तासांची भरपाई करायला याहून चांगलं काम मिळणार नाही.

"सर, हे नक्की काढायचंय ना?" त्यातल्या एकाने विचारलं.

"अरे, दिसत नाही का? घाण आहे सगळी."

"नाही, म्हणजे कुणाला विचारलंय का?"

"स्वच्छता करायला विचारायचं काय असतं?"

हे वाक्य मी बोललो. आजही आठवलं की जीभ चावतो.

व्हॅन घसरली, पट्टा कुरकुरला, पण बुंधा निघाला. पाणी कितीतरी वेळ चहासारखं गढूळ वाहत राहिलं. तिघांनी मिळून तो व्हॅनमध्ये चढवला. तो कुठेही फेकण्याचा प्रश्नच नव्हता, जर्मनीत राहून मी इतका तयार झालो होतो. नगरपालिकेच्या बांधकाम-देखभाल खात्याचं आवार गावाबाहेर आहे, त्याला बाउहोफ म्हणतात. तिथे झाडपाल्याचा कचरा घेतात. तिथल्या माणसाला मी विचारलं की मुळं कुठल्या ढिगात टाकायची. त्याने दाखवलं. टाकली. मग उमझुग केला, संध्याकाळी घरी आलो आणि ओढ्याचे आधीचे आणि नंतरचे असे दोन फोटो क्लबच्या ग्रुपवर टाकायला फोन उघडला.

बाईंचा निरोप आधीच आला होता. "वळणावरच्या डोहातलं घर कुणीतरी पाडलं आहे. म्हातारी बेपत्ता."

म्हातारी म्हणजे त्या ओढ्यातली सगळ्यात मोठी ट्राउट. बुंध्याखाली ती राहायची. तिला फक्त बाईंनी पाहिलं होतं, आरशातून. आणि बुंधा तिथे आपोआप आलेला नव्हता. काही वर्षांपूर्वी वादळात पडलेलं झाड बाउहोफच्या मुकादमाने क्रेनने उचलून मुद्दाम त्या वळणावर दगडांत रोवलं होतं आणि बाई काठावरून सांगत होत्या, "जरा डावीकडे. अजून. आता चावा." मुळांच्या सावलीत मासा लपतो, पानांवर किडे वाढतात, ते खाऊन पिल्लं वाढतात. मला घाण वाटली ते माशांचं घर होतं, आणि स्वयंपाकघरही.

मी फोटो पुसून टाकले.

इथे या मुकादमाबद्दल सांगतो. बाईंच्या दवाखान्यातला तो पहिला लहान पेशंट. सायकलवरून पडून पुढचे दात तोडून आला होता. आता पन्नाशीचा, रुंद, मितभाषी. बाई सगळ्या गावाला अहो-जाहो करत, एकट्या त्याला अरे-तुरे. ओढ्याला लागणारी गोल खडी दर पानगळीला तोच ट्रकने आणून ओतायचा. बाईंनंतर ओढा समजणारा गावात तो एकच माणूस होता.

त्या वर्षी पुराच्या भीतीने नगरपालिकेत ठराव चालला होता की ओढ्यातले अडथळे काढावेत. मुकादम बाईंना म्हणाला होता, "वरून हुकूम आला तर मला काढावं लागेल, पण आधी तुम्हाला सांगेन." आता डोहाकाठी चाकांच्या खुणा होत्या आणि बुंधा बाउहोफच्याच आवारात पडलेला सापडला. आणखी कसला पुरावा हवा? बाई थेट तिथे गेल्या.

"मी नाही काढला," मुकादम म्हणाला.

"तुमचे दुधाचे दात मी पाहिलेत," बाई म्हणाल्या. "माझ्यापुढे तरी खोटं बोलू नका."

तुमचे. त्या दिवसापासून बाई त्याला अहो म्हणू लागल्या. ही हकिगत मला बेकरीवाल्यांनी पाव बांधता बांधता सांगितली. मी दोन ब्रेट्सेल घेतले आणि घरी आलो. बोलायला तेव्हाच हवं होतं. मी मनाशी म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, गेल्या शनिवारी का नाही? उशीर झाला म्हणून गप्प, आणि गप्प म्हणून आणखी उशीर, असं चालू राहिलं.

मुकादम मानी होता. पानगळीला त्याचा ट्रक आला नाही. बाईंनीही निरोप धाडला नाही. त्यांनी सभासदांना बादल्या दिल्या आणि स्वतः नातवंडांच्या जुन्या बाबागाडीत खडी भरून पुलापर्यंत ढकलत आणली. बाबागाडीतून काय नेताय म्हणून रस्त्यावर कुणी वाकून पाहिलं की सांगत, "जुळे आहेत." मी सगळ्यांत जास्त बादल्या उचलल्या. बाई कौतुकाने म्हणाल्या, "हा झिजलेल्या दाढांचा माणूस दोघांचं काम करतो." मला वाटलं, ओढ्यात डोकं खुपसावं. आणि एवढं करून खडी निम्म्या पट्ट्यालाही पुरली नाही. त्या हिवाळ्यात आम्ही पुलावर पालथे पडलो तेव्हा एक मादी आली, काळ्या गाळावर इकडून तिकडे फिरली आणि निघून गेली.

पुढच्या वर्षी ऑगस्टात सासूबाई आल्या. हंगाम संपायच्या आत एकदा त्यांना इथला मासा खिलवावा म्हणून मी दोन ट्राउट धरून आणले आणि बाईंना जेवायला बोलावलं. सासूबाईंनी मासा हातात घेऊन उलटासुलटा केला. "कसलो ह्यो मासो! मीठच नाय ह्येच्यात," म्हणाल्या आणि मग मूठभर वाटण लावून, रव्यात घोळवून असा तळला की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी खिडकी उघडली.

बाईंनी काटे काढायला पर्समधून स्वतःचा चिमटा काढला. सासूबाई बोटांनी काढत होत्या आणि दोघींची शर्यत लागल्यासारखं झालं. सासूबाई जिंकल्या. मग बाईंची नजर त्यांच्या तोंडावर खिळली.

"यांचं वय काय?"

"बहात्तर," माझी बायको म्हणाली.

"आणि सगळे स्वतःचे? विचारा, मला पाहू देतील का?"

बायकोने भीत भीत विचारलं. सासूबाईंनी हात धुतले, खुर्ची दिव्याकडे वळवली आणि मोठ्ठा आ केला. बाई वाकल्या, चष्मा वर सरकवला आणि पुलावर पडल्या पडल्या दिसायच्या तशा दिसू लागल्या. "वुंडरशोन," त्या पुटपुटल्या. सासूबाईंनी तोंड मिटून मला विचारलं, "काय म्हणता ती?"

"फार सुंदर म्हणतायत."

"मगे! मशेरी लायतंय मी."

हे भाषांतर मी केलं नाही.

जेवण झाल्यावर बाईंनी सांगितलं की त्या आता हॅम्बर्गला बहिणीकडे राहायला जाणार आहेत. गुडघे वाहत्या पाण्यात टिकत नाहीत. हिवाळा संपताना क्लबची वार्षिक सभा असते, तिथे राखणदारी सोडायची. "पण सोडायची कुणाकडे? ज्याला येतं त्याने मला फसवलं. चाळीस वर्षं ओळखत होते त्याला." हे बोलताना त्या पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या. मला ठसका लागला. सासूबाईंनी पाणी दिलं आणि बाई गेल्यावर म्हणाल्या, "जावयबापू, तुम्ही काय तरी गिळलास. काटो नाय तो."

मी सासूबाईंना आणि बायकोला सगळं सांगितलं. बायकोने उष्टी ताटं एकात एक रचली. मग म्हणाली, "अहो, त्या मुकादमाची मुलगी आपल्या मुलीच्या वर्गात आहे. तुम्ही त्याला रोज हॅलो म्हणता."

"म्हणतो."

"कसं म्हणता हो?"

त्यानंतरही मी महिने घालवले. सासूबाई परत गेल्या. फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा, "सांगितलास?" त्या पानगळीलाही ट्रक आला नाही.

सभा रविवारी सकाळी क्लबच्या लाकडी खोलीत असते. विषयपत्रिका भिंतीवर लावलेली. शेवटचा विषय नेहमी 'फरशीडेनेस', म्हणजे इतर किरकोळ. तिथे कुणीही काहीही बोलू शकतं. मी ठरवून आलो होतो की तिथे उठायचं. पण राखणदाराची निवड त्याच्या दोन विषय आधी होती, हे माझ्या लक्षात आलं ते अध्यक्ष बोलायला लागल्यावर.

"उमेदवार एकच आहे," बेकरीवाले म्हणाले आणि त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. तो अगदी दाराजवळच्या बाकावर, हातांची घडी घालून बसला होता. "कुणाची हरकत?"

बाई उठल्या. "माझी आहे. काम त्यांना येतं, माझ्याहून चांगलं येतं. पण जो माणूस तोंडावर खोटं बोलतो त्याच्या हाती मी ओढा देणार नाही. पद रिकामं राहिलं तरी चालेल."

मुकादमाची मान लाल झाली. तो उठून कोट घेऊ लागला. मी हात वर केला.

"हरकतीच्या बाजूने की विरुद्ध?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला दुसरंच काही सांगायचंय."

"मग ते फरशीडेनेसमध्ये घ्या."

"तोवर उशीर होईल."

"अहो, पण विषयपत्रिका—"

"बोलू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "दात चावतायत. मला इथवर ऐकू येतंय."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. व्हॅन, पट्टा, बुंधा, बाउहोफचा ढीग, पुसलेले फोटो. इतक्या वर्षांत शिकलेलं माझं जर्मन व्याकरण त्या पाच मिनिटांत साफ कोसळलं, पण सगळ्यांना कळलं. कुणी हसलं नाही. बेकरीवाल्यांनी पेन खाली ठेवलं.

बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या दाराकडे पाहत होत्या.

"तुला माहीत होतं?"

"हो," मुकादम म्हणाला. "आमच्या आवारातल्या माणसाने त्याच आठवड्यात सांगितलं होतं. एक भारतीय गृहस्थ आले, मुळं कुठे टाकायची ते विचारलं, दोनदा आभार मानले आणि जाताना झाडू मागून फरशी झाडून गेले. गावात असे किती आहेत?"

आता मात्र थोडे लोक हसले.

"मग बोलला का नाहीस?"

"विचारलं असतंत तर बोललो असतो." त्याचा आवाज शांत होता. "तुम्ही विचारलंच नाहीत, फ्राउ डॉक्टर. तुम्ही येऊन सांगितलंत. नाव सांगून सुटता आलं असतं, पण तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता."

 बाई टेबलांमधून वाट काढत दारापर्यंत गेल्या आणि त्याच्या हातातला कोट घेऊन परत खुंटीला अडकवला. "चुकलं माझं," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द त्या खोलीत याआधी कुणीच ऐकले नव्हते. "अध्यक्ष, माझी हरकत मागे. मतं घ्या."

सगळे हात वर गेले. माझाही गेला, मग वाटलं, मला काय अधिकार, आणि मी तो अर्धा खाली घेतला.

"नीट वर करा," बाई ओरडल्या. "आणि उभेच राहा. तुम्ही हकिगत सांगितलीत. अजून काही राहिलंय."

राहिलं होतं. मला वाटलं होतं कबूल केलं की झालं. मी मुकादमाकडे वळलो. तो माझ्याकडे बघत होता, रागाने नाही, पण मदतही करत नव्हता. मी म्हणालो, "ओढ्याचं मी केलं ते मला कळत नव्हतं म्हणून केलं. तुमचं जे केलं ते मला कळत होतं. रोज कळत होतं, आणि रोज मी तुम्हाला हॅलो म्हणून पुढे गेलो. मला माफ करा."

मुकादमाने मान डोलावली, आणि बाई मला म्हणाल्या, "आता चूळ भरा."